हक्का गावाची डिजिटल मोजणी: वाकडी भिंत वाकडीच उतरवा

चीनच्या फूच्येन प्रांतातल्या डोंगराळ भागात यूछांग लोऊ नावाची पाच मजली, गोल, मातीची वास्तू आहे. चौकात उभं राहून वर नजर टाकली की आतले लाकडी खांब ओळंब्यात नाहीत हे लगेच कळतं. एका मजल्यावर ते एका बाजूला झुकलेत, वरच्या मजल्यावर दुसऱ्या बाजूला. काही ठिकाणी कल १५ अंशांपर्यंत जातो असं सांगतात. वास्तू मात्र शेकडो वर्षं तशीच उभी आहे. आता हीच वास्तू एखाद्या नवशिक्याला संगणकावर उभी करायला द्या. सॉफ्टवेअरमध्ये खांबाचं बटण दाबलं की खांब सरळच उभा राहतो. एका मजल्याची प्रत काढून वर ठेवली की मजले एकावर एक नेमके बसतात. दोन दिवसांत सुबक मॉडेल तयार होतं आणि यूछांग लोऊची ओळखच त्यातून नाहीशी झालेली असते.

हा धडा मी पुण्यातल्या एका वाड्यावर शिकले. माजघरातला कोपऱ्याचा खांब चार सेंटिमीटर सरकलेला होता. स्कॅनमध्ये ते स्वच्छ दिसत होतं, पण नकाशा नीटस दिसावा म्हणून मी तो रेषेत घेतला. त्या नकाशावरून सुताराने तुळई कापली आणि ती आखूड पडली. जुन्या सागाची तुळई वाया गेली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पिशवीतून ओळंबा काढला, खांबाशी धरला आणि दोरी स्थिर होईपर्यंत तसाच उभा राहिला. त्या चार सेंटिमीटरची लाज मला अजून वाटते.

हाँगकाँगला किंवा दक्षिण चीनमध्ये शिकायला, नोकरीला आलेले आणि वारसा वास्तूंच्या कामात पहिल्यांदा उतरणारे वास्तुकला, सिव्हिल किंवा भूगोलाचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. यातल्या पायऱ्या आपल्याकडच्या वाड्यावरही चालतील, पण उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

पायरी १: आपण काय मोजतो आहोत ते ओळखा

हक्का हा शब्द आपल्याला नूडल्समुळे माहीत आहे. ते नावही कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचे कारखाने आणि पुढे हॉटेलं चालवणाऱ्या हक्का लोकांमार्फतच आपल्यापर्यंत आलं. शब्दाचा अर्थ ‘पाहुणी घराणी’. ही मंडळी उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने दक्षिणेत आली आणि फूच्येन, ग्वांगतोंग, च्यांगशी या प्रांतांत, तसंच हाँगकाँग आणि तैवानमध्ये वसली. सपाट, सुपीक जमीन आधीच्या लोकांकडे होती, त्यामुळे यांच्या वाट्याला बहुधा डोंगर आला. घरं एकत्र आणि बंदिस्त का, याचं बरंचसं उत्तर या इतिहासात आहे.

घरांचे प्रकार मात्र प्रदेशानुसार बदलतात. फूच्येनमध्ये योंगदिंगच्या बाजूला तुलोऊ, म्हणजे ठोकलेल्या मातीच्या जाड भिंतींच्या गोल किंवा चौकोनी बहुमजली वास्तू. ग्वांगतोंगमधल्या मेइचोऊकडे वेइलोंगवू, म्हणजे पुढे अर्धगोल तळं, मध्ये देवघरासह मुख्य घरं आणि मागे अर्धगोलात वळलेली खोल्यांची रांग. च्यांगशीत कोपऱ्यांवर बुरूज असलेले चौकोनी वाडे. हाँगकाँगच्या शा टिनमध्ये त्सांग ताय उक हा एकोणिसाव्या शतकातला करड्या विटांचा बंदिस्त वाडा आहे. हाँगकाँगच्याच ईशान्य न्यू टेरिटरीज भागातलं लाय ची वो हे तटबंदीचं गाव आहे. तिथे साधारण दोनशे घरं ओळीने बसवलेली आहेत आणि मागे फंगश्वेचं, म्हणजे चिनी वास्तुशास्त्राप्रमाणे शुभ मानून राखलेलं रान आहे.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात: प्रत्येक तुलोऊला हक्का म्हणतात. युनेस्कोने २००८ साली ज्या ४६ तुलोऊंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातल्या काही मिन्नान, म्हणजे दक्षिण फूच्येनची बोली बोलणाऱ्यांच्या आहेत. ह्वाआन काउंटीतली अर्यी लोऊ त्यांपैकीच. हा फरक नावापुरता नाही, तो जिन्यात दिसतो. हक्का तुलोऊत जिने सामायिक असतात आणि प्रत्येक मजल्यावर चौकाकडे तोंड करून फिरणारी सलग लाकडी सज्जाची वाट असते. अर्यी लोऊत प्रत्येक बिऱ्हाडाचा जिना वेगळा आहे. मोजणीची वाट यावरून ठरते, म्हणून हे आधी माहीत हवं.

पायरी २: मोजणी कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

दुरुस्तीसाठी, पर्यटकांना दाखवण्यासाठी, भेग वाढते का हे पाहण्यासाठी की नामशेष होण्याआधीची नोंद म्हणून? उत्तर लिहून काढा, कारण अचूकता त्यावर ठरते. जुना हिशोब सोपा आहे: कागदावर ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक फरक डोळ्याला दिसत नाही. १:१०० च्या नकाशावर तो प्रत्यक्षात २० मिलिमीटर, १:५० वर १० आणि १:२० वर ४ मिलिमीटर होतो. गावाचा आराखडा १:२०० वर काढायचा असेल तर मिलिमीटरमागे धावण्यात दिवस घालवू नका. लाकडी सांध्याची दुरुस्ती असेल तर १:२० हवं, आणि मग मोबाइलचा लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) विसरा.

पायरी ३: परवानग्या

ही पायरी टाळली तर पुढचं काही उरत नाही. मुख्य भूमी चीनमध्ये परदेशी व्यक्तीने किंवा संस्थेने सर्वेक्षण करायचं तर सरकारी मान्यता लागते आणि चिनी संस्थेबरोबरच काम करावं लागतं. हे तिथल्या सर्वेक्षण आणि नकाशा कायद्यात स्पष्ट आहे. सर्वेक्षणाचा जीपीएस घेऊन सहलीला आल्यासारखं फिरू नका. स्थानिक विद्यापीठाच्या प्रकल्पात सहभागी व्हा आणि निर्देशांकांचं काम त्यांच्याकडे राहू द्या. तिथल्या सार्वजनिक नकाशांवर मुद्दाम काहीशे मीटरपर्यंतचा सरकाव दिलेला असतो, त्यामुळे त्या नकाशावर आपलं मॉडेल बसवून ‘चुकलंय’ म्हणून घाबरू नका. ड्रोनची खऱ्या नावाने नोंदणी लागते. यासंबंधीचे नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू आहेत.

हाँगकाँगची व्यवस्था वेगळी आहे. तिथे ड्रोनचे नियम १ जून २०२२ पासून आहेत आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी करावी लागते. भूमी विभागाच्या ‘सॅटरेफ’ या स्थिर उपग्रह केंद्रांची माहिती मोफत मिळते. ‘हाँगकाँग १९८० ग्रिड’ या तिथल्या निर्देशांक पद्धतीत काम बांधायला तेवढी पुरते.

सरकारी परवानगीएवढीच महत्त्वाची परवानगी घराण्याची. लाय ची वोमध्ये त्सांग आणि वाँग ही दोन कुळं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बरीच मंडळी ब्रिटनला वगैरे गेली, त्यामुळे कुलूपबंद घराचा मालक हजारो किलोमीटर दूर असू शकतो. गावप्रमुखाने हो म्हटलं म्हणजे सगळ्या घरांनी म्हटलं असं होत नाही. पूर्वजांच्या दालनात पाट्या, म्हणजे पूर्वजांची नावं कोरलेल्या लाकडी फळ्या असतात. त्यांचे फोटो काढण्याआधी वेगळं विचारा. आपल्या देव्हाऱ्यात कोणी न विचारता ट्रायपॉड उभा केला तर आपल्याला कसं वाटेल?

पायरी ४: पहिला दिवस वही-पेन्सिलचा

यंत्रं पेटीतच ठेवा. गावाभोवती एक फेरी मारा, मग आत या. हाताने ढोबळ नकाशा काढा आणि प्रत्येक दार, जिना, चौक यांना क्रमांक द्या.

क्रमांक कसे द्यायचे याचा मात्र नीट विचार करा. योंगदिंगमधल्या छंगछी लोऊचं उदाहरण घेऊ. १७०९ साली पूर्ण झालेल्या या वास्तूत एकात एक चार वर्तुळं आहेत. बाहेरचं चार मजली, मजल्याला ७२ खोल्या. दुसरं दोन मजली, मजल्याला ४० खोल्या. तिसरं एक मजली, ३२ खोल्या. मधोमध पूर्वजांचं दालन. हिशोब केला तर खोल्या ४०० होतात. आपल्या सवयीप्रमाणे आपण पहिला मजला, दुसरा मजला असे क्रमांक देतो. पण तिथलं कुटुंब आडवं नाही, उभं राहतं: तळाला स्वयंपाकघर, त्यावर धान्याची खोली, त्याच्यावर निजायच्या खोल्या. एका कुटुंबाकडे वर्तुळाचा एक उभा काप. म्हणून क्रमांक खणाला द्या: खण १४, मजला १ ते ४. मॉडेलचे भागही तसेच पाडा. उद्या एका कुटुंबाला आपला भाग दुरुस्त करायचा झाला तर त्यांना चारही मजले एकत्र हवे असतात, वर्तुळाचा अख्खा दुसरा मजला त्यांच्या काही कामाचा नाही.

याच दिवशी लोकांच्या वेळाही समजून घ्या. स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ चूल असते, तिथे दुपारी जा. छंगछी लोऊसारख्या प्रसिद्ध ठिकाणी पर्यटक यायच्या आत, अगदी पहाटे, चौकाचं काम उरका. लाय ची वोला मा ल्यू श्वेच्या धक्क्यावरून जाणारी नेहमीची फेरीबोट सुट्टीच्या दिवसांतच असते. इतर दिवशी डोंगरातून चालत सामान न्यावं लागतं. बॅटऱ्यांचा हिशोब त्या पायवाटेवर कळतो.

पायरी ५: नियंत्रण बिंदू

नियंत्रण बिंदू म्हणजे अचूक मोजलेले पक्के बिंदू, बाकी सगळी मोजणी त्यांना बांधायची. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवशिक्यांची मॉडेलं फसतात ती बहुतेक याच पायरीवर.

तुलोऊचा दरवाजा बहुधा एकच. मोठ्या वास्तूला एखाद-दोन जास्त. खालच्या मजल्यांना बाहेरच्या बाजूने खिडक्या नसतात, वर लहान झरोके असतात. म्हणजे आतली मोजणी आणि बाहेरची मोजणी यांना जोडणारी वाट त्या एका दरवाज्यातून जाते. आता भिंतीची जाडी कशी मोजणार? दरवाजाच्या चौकटीत टेप लावता येतो, झरोक्यात लावता येतो, पण बाकी सगळीकडे जाडी म्हणजे ‘बाहेरचा पृष्ठभाग वजा आतला पृष्ठभाग’. दरवाज्याच्या चिंचोळ्या जागेत आतला आणि बाहेरचा स्कॅन जोडताना फक्त ०.०५ अंशाची फिरकी राहिली, तर ७० मीटर दूर, समोरच्या बाजूला, ती ६ सेंटिमीटर होते. दरवाज्याजवळ जाडी बरोबर आणि मागच्या बाजूला भिंत एकीकडे सहा सेंटिमीटर सरकलेली. पाहणाऱ्याला वाटेल मातीची भिंत मागे झिजली आहे. दुरुस्तीचा पैसा चुकीच्या जागी जाईल.

उपाय जुनाच आहे: टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकत्र मोजणारं यंत्र) आणि बंद साखळी. बाहेर वास्तूभोवती बिंदूंची एक फेरी करा आणि निघालात त्याच बिंदूवर परत या. आत चौकात दुसरी फेरी. दोन्ही फेऱ्या दरवाज्यातून जोडा आणि शक्य असेल तर वरच्या झरोक्यातून बाहेरचा एखादा बिंदू पाहून आणखी एक गाठ मारा. ती दुसरी गाठ फिरकी पकडते. परत आल्यावर पहिल्या आणि शेवटच्या वाचनातला फरक त्याच ठिकाणी, निघण्याआधी वहीत लिहा. फरक मोठा असेल तर रात्री खोलीवर जाऊन तो सुटत नाही, उन्हात पुन्हा उभं राहावंच लागतं.

गोल सज्जात उभं राहिलं तर वळणामुळे जवळचे दोन-चार खणच दिसतात. तिथे बिंदूमागून बिंदू सरकवत गेलात तर चूक साठत जाते. छंगछी लोऊत आतली वर्तुळं बुटकी असल्यामुळे बाहेरच्या वर्तुळाच्या वरच्या मजल्यावरून थेट समोरची बाजू दिसते. ती लांब दृष्टिरेषा वापरा. मजला लाकडी असतो, माणूस चालला की हलतो, म्हणून ट्रायपॉडचे पाय तुळईवर येतील असे ठेवा आणि वाचन चालू असताना कोणी चालू नये.

खुणेचे कागद मातीच्या भिंतीला चिकटवू नका. टेप ओढताना शंभर वर्षांचा गिलावा बरोबर निघून येतो. स्टँडवर लावलेल्या खुणा ठेवा, नाहीतर दोरीला वजन बांधून कठड्यावरून सोडा. कायमचा बिंदू हवा असेल तर चौकातल्या दगडी फरसबंदीच्या सांध्यात, विचारून, लहान पितळी खिळा बसवा.

पायरी ६: स्कॅन

स्थिर लेझर स्कॅनर असेल तर चौकातून सुरुवात करा आणि बाहेरच्या दिशेने जा. लागोपाठच्या दोन जागांमधून निदान एक तृतीयांश भाग सामायिक दिसायला हवा. दारातून आत शिरताना उंबरठ्यावर एक स्कॅन घ्याच. खोल्या जोडल्या जातात त्या उंबरठ्यावर.

४०० खोल्या स्कॅन करणं शक्य नसतं आणि त्याची गरजही नसते. ठरावीक खणांचे चारही मजले पूर्ण घ्या. बाकीच्यांचं दार, आतली लांबी-रुंदी आणि उंची टेपने घ्या. जे घेतलं नाही ते ‘मोजलं नाही’ असं लिहा. पुढे मॉडेल करताना ही यादी सोन्याच्या मोलाची ठरते.

स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी असते. काळ्या, मऊ काजळीवरून लेझरचा परतावा कमी येतो, भिंत छिद्राछिद्रांची दिसते. तिथे स्कॅनची गती कमी करा, यंत्र जवळ आणा आणि फोटोंची जोड द्या. पावसानंतर ओली कौलंही असाच त्रास देतात. हातात धरून चालत फिरवायचे स्कॅनर गावाच्या बोळांसाठी उत्तम, तास-दोन तासांत सगळ्या गल्ल्या होतात, पण चूक सेंटिमीटरमध्ये असते आणि लांब चाललं की वाढते. मोबाइलच्या लायडारचा पल्ला जेमतेम ५ मीटरचा, म्हणजे एखादी खोली, चूल, कोरीव चौकट एवढ्यासाठी तो वापरा. त्यावरून वर्तुळ पूर्ण करू नका.

पायरी ७: फोटो आणि ड्रोन

लेझर आकार देतो. मातीच्या भिंतीचं वय, थर आणि दुखणं फोटोत दिसतं. ठोकलेली माती थराथराने चढवलेली असते, त्यामुळे थरांच्या आडव्या रेषा दिसतात. साचा पेलणाऱ्या दांड्यांची भोकं दिसतात. कुठे आत घातलेली बांबूची पट्टी उघडी पडलेली असते. तळाला नदीच्या गोट्यांचं जोतं, ओल कुठवर चढली आहे याची रेघ. या सगळ्यासाठी एका पिक्सेलने भिंतीचे दोन मिलिमीटर व्यापले तर पुरतं.

गणित करून बघू. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. २४ मिलिमीटरची लेन्स, भिंतीपासून अंतर ८ मीटर. ६ ला ८ ने गुणा आणि २४ ने भागा: २ मिलिमीटर. एका फोटोत भिंतीचा १२ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच भाग येतो. ८० टक्के भाग पुढच्या फोटोत पुन्हा यायला हवा, म्हणून दर २.४ मीटरला एक फोटो. ७० मीटर व्यासाच्या वास्तूचा घेर साधारण २२० मीटर, म्हणजे एका फेरीत ९० च्या वर फोटो. तीन उंचींवरून तीन फेऱ्या केल्या की पावणेतीनशे ते तीनशे. घरून निघण्याआधी हा आकडा माहीत असला की मेमरी कार्ड आणि दिवस दोन्ही पुरतात.

ढगाळ दिवस निवडा. चौकात ऊन उतरलं की अर्धा भाग पांढरा आणि सज्जाखालचा भाग काळा होतो. फोकस आणि प्रकाशाची मापं हाताने कायम करा, फ्लॅश नको. भिंतीशेजारी ओळंबा सोडा आणि तो फोटोत येऊ द्या. मॉडेल तयार झालं की ओळंब्याची दोरी त्यात उभी आहे का बघायचं. सॉफ्टवेअरमधली ‘वर’ची दिशा चुकली असेल तर पाच सेकंदांत कळतं.

ड्रोन छपरांसाठी. कौलांच्या रांगा, तुटकी कौलं, आढ्याचा झोल हे त्यावाचून दिसत नाही आणि जुन्या छपरावर चढायचं तर कधीच नाही. पण तुलोऊच्या छपराची कड भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते. पावसापासून मातीचं रक्षण तीच करते. त्यामुळे वरून पाहिलं तर भिंतीचा वरचा भाग लपतो आणि खालून पाहिलं तर सावलीत जातो. तिरपा कॅमेरा ठेवून एक फेरी घ्या, आणि उरलेल्या जागेसाठी लांब बांबूला कॅमेरा बांधा. हा बांबू पुष्कळ महागड्या यंत्रांच्या तोडीचं काम करतो.

वेइलोंगवू असेल तर घरापाशी थांबू नका. पुढचं अर्धगोल तळं आणि मागचा गोट्यांनी बांधलेला फुगीर उंचवटा हे घराचेच भाग आहेत. लाय ची वोला मागचं रान तसंच. त्याच्याशिवाय गाव अर्धवट मोजलं असं गावकरीच म्हणतील.

पायरी ८: जुळवणी आणि तपासणी

फोटोंसाठी मेटाशेप किंवा रिअ‍ॅलिटीस्कॅन, मोफत हवं तर ओपनड्रोनमॅप आणि मेशरूम. बिंदूंच्या ढगावर, म्हणजे स्कॅनमधून मिळालेल्या असंख्य मोजलेल्या बिंदूंवर, काम करायला क्लाउडकम्पेअर मोफत आहे आणि मी रोज तेच वापरते. सगळे नियंत्रण बिंदू जुळवणीत खर्च करू नका. पाच-सहा बाजूला ठेवा आणि शेवटी त्यांच्याशी ताडून बघा. सॉफ्टवेअर स्वतःबद्दल देतं ती चूक नेहमी कमी असते, बाजूला ठेवलेले बिंदू खरं सांगतात.

गोल वास्तूची एक तपासणी मला फार आवडते. ढगाचे आडवे काप घ्या, जमिनीपासून १, ४, ७ आणि १० मीटरवर. प्रत्येक कापातल्या बाहेरच्या भिंतीवर वर्तुळ बसवा. त्रिज्या वर जाताना कमी होते, कारण भिंत बाहेरून आत झुकती ठेवलेली असते. पण केंद्राकडे बघा. चारही केंद्रं एकावर एक असतील तर वास्तू सरळ आहे. ती एका दिशेला सरकत गेली असतील तर अख्खी वास्तू त्या दिशेला कलली आहे. आणि कुठल्याच कापात वर्तुळ नीट बसत नसेल, तर ते बांधणाऱ्यांच्या हातून उतरलेलं, थोडं वाकडं वर्तुळ असू शकतं. फरक कुठे आणि किती ते लिहा, त्यात नवल आहे आणि माहितीही.

पायरी ९: मॉडेल

योंगदिंगच्या होंगखंग गावात १९१२ साली बांधलेली जनछंग लोऊ आठ दिशांच्या चिन्हाप्रमाणे आठ भागांत विभागलेली आहे. मध्ये आगीला अटकाव करणाऱ्या विटांच्या भिंती आहेत. एक भाग करावा आणि आठ वेळा फिरवून चिकटवावा असा मोह इथे अनावर होतो. करू नका. मांडणी सारखी आहे, पण प्रत्येक भागातले लोक वेगळे आणि त्यांनी केलेले बदलही वेगळे: कुठे दार बुजवलं, कुठे पायरी वाढवली, कुठे कौलाऐवजी पत्रा आला.

रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर २०२१ च्या आवृत्तीपासून तिरकी आणि २०२२ पासून वर निमुळती होणारी भिंत करता येते. ती वापरा. फारच वेडीवाकडी भिंत असेल तर ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये ढगावरून थेट जाळी (बिंदू जोडून केलेला पृष्ठभाग) करा. शेवटी मॉडेल आणि ढग यांतलं अंतर क्लाउडकम्पेअरमध्ये रंगांनी दाखवा. पायरी २ मध्ये ठरवलेल्या आकड्याच्या आत असलेला भाग हिरवा, बाहेरचा लाल. लाल भाग लपवू नका.

प्रत्येक घटकाला एक खूण द्या: मोजलेला, अंदाजाने भरलेला, किंवा कोणी सांगितलेला. तीन रंग पुरतात. पडक्या घराचं छप्पर अंदाजाने काढलं असेल तर बघणाऱ्याला ते दिसलं पाहिजे.

दारांची मापं गोळा करताना एक गंमत पाहा. चिनी सुतार परंपरेने दारांसाठी लू बानची (सुतारांचा आद्यगुरू मानला जाणाऱ्याची) पट्टी वापरत, आठ भागांची, त्यातले काही शुभ, काही अशुभ. मिलिमीटरमध्ये विचित्र वाटणारी रुंदी त्या पट्टीच्या शुभ भागात येते का, हे ताडून बघा. म्हणून ८८३ मिलिमीटर असेल तर ८८३ च लिहा, ८८० किंवा ९०० करू नका. गोल केलेल्या आकड्यात सुताराची पट्टी कायमची हरवते.

पायरी १०: माणसांचं ज्ञान

मॉडेलचे कागदी छेद छापा आणि पूर्वजांच्या दालनातल्या टेबलावर पसरा. संगणक पुढे केला तर म्हातारी माणसं मागे सरतात. कागद ठेवला तर बोट टेकवून सांगू लागतात. ‘इथे जिना होता’, ‘ही भिंत पुरानंतरची’, ‘इथे डुकरं बांधत’. प्रत्येक भागाचं हक्का बोलीतलं नाव विचारा, आवाज मुद्रित करा, चिनी लिपीतही लिहून घ्या, कारण मँडरिन किंवा कँटनीज नाव वेगळं असू शकतं. माहिती देणाऱ्याचं नाव नोंदवायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.

भेगांचं विशेष विचारा. योंगदिंगच्या ह्वानची लोऊच्या भिंतीत १९१८ च्या भूकंपात मोठी भेग पडली आणि पुढे ती बरीचशी मिटत गेली, असं तिथे सांगतात. अशी गोष्ट ऐकली की त्या भेगेचे जवळून फोटो घ्या, तीन ठिकाणी रुंदी मोजा, तारीख आणि हवामान लिहा. माती ओलीने फुगते, सुकली की आकसते. तारखेशिवाय रुंदीला अर्थ नाही.

पायरी ११: सोपवणं

मूळ फोटो आणि मूळ स्कॅन जसेच्या तसे जपा, बिंदूंचा ढग ई५७ सारख्या खुल्या स्वरूपात ठेवा, तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. वेबवर दाखवायला पोट्री चांगलं आहे, पण राहत्या घरांचं अंतरंग, कुलपांच्या जागा आणि पूर्वजांच्या पाट्या तिथे टाकू नका. एक प्रत गावाला द्या, उघडता येईल अशा स्वरूपात, म्हणजे छापील नकाशे आणि साधी पीडीएफ.

सोबत एक पानाचं टिपण हवं: कोणत्या तारखांना मोजलं, कोणती यंत्रं, कोणती निर्देशांक पद्धत, किती चूक, काय मोजलं नाही. आणि त्या पितळी खिळ्यांचं वर्णन, प्रत्येकाचं तीन ठिकाणांपासूनचं टेपने घेतलेलं अंतर: उंबरठ्याच्या उजव्या कोपऱ्यापासून एवढं, विहिरीच्या कट्ट्यापासून एवढं, दालनाच्या पहिल्या पायरीपासून एवढं. वीस वर्षांनी कोणी पुन्हा मोजायला येईल तेव्हा फरसबंदीवर शेवाळ असेल. त्याला टेप लावून, गुडघे टेकून, बोटांनी तो खिळा शोधता आला पाहिजे.